एका बोटाचा तोल

बैलगाडी भरणं ही विद्या आहे आणि ती मला येत होती, हे आधीच सांगून ठेवतो. पुढं माझी लाज निघणारच आहे, तेव्हा सुरुवातीला थोडी फुशारकी मारून घेऊ द्या. गाडीत ओझं मागं जास्त झालं तर गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढं जास्त झालं तर सगळा भार त्यांच्या मानेवर येतो, खांदे सुजतात. मी भरलेल्या गाडीचं जू मात्र एका बोटानं वर यायचं. मागं पंधरा पोती ज्वारी असली तरी. लोक म्हणायचे, महालिंगप्पाच्या गाडीला बैल लागतात ते नुसता रस्ता दाखवायला.

त्र्याहत्तर सालच्या दुष्काळात माझे दोन्ही बैल गुरांच्या छावणीत गेले, ते परत आले नाहीत. दारात रिकामी गाडी उरली आणि हे बोट उरलं.

त्या वेळी आमच्या सोसायटीकडं एक छोटा ट्रॅक्टर होता. बुटका, मोठ्या चाकांचा, म्हणून गाव त्याला शिंगरू म्हणायचं. नांगरायला शेतात ओलच नव्हती, तेव्हा त्याला पट्टा लावून विहिरीवरचा पंप चालवायचे. गावाचं पिण्याचं पाणी त्या एकाच विहिरीवर होतं. शिंगरावर ड्रायव्हर होता श्रीपती, बौद्धवाड्यातला, पंचविशीचा. त्याच्या वस्तीत महिन्याचा पगार येणारं पहिलं घर त्याचं, आणि ते गावात काहींच्या डोळ्यांत सलत होतं. माझ्या सलत नव्हतं असं मी म्हणत नाही. माझी गाडी बसली होती आणि त्याचा ट्रॅक्टर चालत होता.

माघात शिंगराचा गिअर तुटला, ब्रेकही धरेना. बार्शीला मिस्त्रीकडं न्यायचं होतं. दोर बांधून ओढत न्यावं, तर येडशी ओलांडल्यावर घाटाचा उतार. बिनब्रेकचं धूड पुढच्याच्या अंगावर यायचं. कशावर तरी चढवूनच न्यायला हवं होतं. ओढायला सोसायटीचे चेअरमन आबाराव यांचा घरचा मोठा ट्रॅक्टर होता, चालवायला श्रीपतीच. प्रश्न होता ट्रॉलीचा, म्हणून पारावर बैठक बसली.

श्रीपती पारासमोर उभा राहून म्हणाला, "कळंबच्या जिनिंगकडं चारचाकी ट्रॉली हाय. तिचा भार तिच्याच चाकांवर ऱ्हातो. दोन दिस मागून आणू."

आबाराव माझ्याकडं वळले. "अप्पा, तुमी काय म्हंता? चाकाचं तुमच्याबिगर कुणाला कळतंय?"

एवढं पुरलं. मी म्हणालो, "चारचाकी म्हंजी बाजंवर निजलेला म्हातारा. वळवाया गेलं तर हिकडचा पाय तिकडं. घरची दोनचाकी ट्रॉली असताना कळंबात पदर पसरायचा कशाला? म्या तोल काढून देतो."

"दोनचाकी चालंल," श्रीपती म्हणाला, "पर मंग शिंगरू फुडं घ्यावं लागंल. ट्रॅक्टरच्या हुकावर भार पायजे."

"बैलाच्या मानंवर भार घालणारा गाडीवान आजच बघितला," मी म्हणालो आणि पार हसला. श्रीपतीही खाली बघून थोडा हसला. त्याला हसावंच लागलं.

फळ्या लावून शिंगरू ट्रॉलीवर चढवलं. मी ते वीत वीत मागं घ्यायला लावलं, चाकांखाली दगड दिले, साखळ्या आवळल्या. मग ट्रॉलीच्या दांडीखाली बोट घातलं. दांडी वर आली. बाया हंडे खाली ठेवून बघत होत्या. बैल गेल्यापासून एवढं बरं मला कधीच वाटलं नव्हतं.

माझा तोल बार्शीकरांनीही बघावा म्हणून मी बरोबर निघालो. गावाबाहेरच्या ओढ्यात चढ लागला आणि ट्रॉलीची दांडी हुकात खाडखाड आपटायला लागली. चढावर सगळं वजन मागं गेलं, दांडी वर झाली आणि तिनं ट्रॅक्टरची पाठ उचलली. मागची चाकं जागीच गरगर फिरली. धूळ उडाली, ट्रॅक्टर काही पुढं सरकेना. श्रीपतीनं कसाबसा तो काठावर काढला आणि चिंचेखाली थांबवला.

इंजिन बंद करून तो खाली उतरला. "अप्पा, गावात तुमचा शब्द राखला. आता माझा जीव राखू द्या."

मी रागानं काही बोलणार होतो, पण फिरणारी चाकं मी डोळ्यांनी बघितली होती.

"बैलाला मान असती, ती दुखती," तो म्हणाला. "ह्याला मान न्हाय. ह्याच्या पाठीवर वजन बसलं तरच ह्याचे पाय भुई धरत्यात. चढाला हे असं झालं. उताराला ट्रॉली शेपूट हलवंल आन् आपल्याला घिऊन खड्ड्यात जाईल."

चाळीस वर्षं गाड्या भरल्या, आणि एका पोरसवद्या माणसानं मला चार वाक्यांत तोल उलटा शिकवला. कान गरम झाले. पण तो बरोबर होता. आम्ही साखळ्या सैल केल्या, पहार लावून शिंगरू दोन हात पुढं ढकललं, पुन्हा बांधलं. मी बोट घातलं. दांडी हलेना. दोन्ही हातांनीही हलेना.

"आता बरोबर हाय," श्रीपती म्हणाला.

निघताना मी हळूच म्हणालो, "गावात बोलू नगंस."

"न्हाय बोलत," तो म्हणाला.

घाट आम्ही सुखरूप उतरलो. चार दिवसांनी शिंगरू स्वतःच्या चाकांवर घरी आलं, पंप सुरू झाला. गावानं पारावर मला नारळ दिला. अप्पाच्या बोटाला जवाब नाही, असं आबाराव चारचौघांत म्हणाले. श्रीपती पंपाजवळ उभा राहून बघत होता. मी नारळ घेतला, घरी आणून फोडला आणि खाल्लासुद्धा.

वैशाखात शिंगरू पुन्हा अडलं. विहिरीत पाणी हातभर उरलेलं, तेही वर येईना, गाव हवालदिल झालेलं. या खेपेला कुणी बैठक बसवली नाही. ट्रॉली ठरलेली, तोल ठरलेला. पोरांनीच शिंगरू चढवून मागं घेतलं आणि मला बोलावलं. मी बोट घातलं, दांडी वर आली. लोकांनी वाहवा केली.

तेवढ्यात आबाराव धोतर सावरत आले. त्यांचं बार्शीला काम निघालं होतं. ते ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसले.

श्रीपतीनं त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. चेअरमन मडगार्डवर असताना चिंचेखाली थांबून साखळ्या सोडता येणार नव्हत्या, हे त्याला कळलं होतं. मलाही कळायला हवं होतं. तो सगळ्यांसमोर, अगदी विचारल्यासारखा म्हणाला, "अप्पा, आज दोन हात फुडं घिऊ का?"

त्यानं मला वाट काढून दिली होती. मी नुसतं 'घे' म्हणायचं होतं.

आबाराव म्हणाले, "मागल्या बारीला नीट गेलं की. अप्पाला शिकवतो व्हय रं?"

तीस-चाळीस माणसं माझ्या तोंडाकडं बघत होती. मी म्हणालो, "हाय तसंच जाऊ दे."

चार शब्द. मनाशी म्हटलं, चिंचेखाली थांबेलच तो. ट्रॅक्टर गेला, धूळ खाली बसल्यावर मडगार्डवरचे आबाराव आठवले. मी चिंचेकडं धावलो. या वयात, अनवाणी. चाकांच्या खुणा चिंचेखालून सरळ पुढं गेल्या होत्या. कुठं थांबल्याची खूण नव्हती, साखळी ओढल्याची नव्हती, पहारेचा व्रण नव्हता. ओढ्यानं त्यांना या खेपेला सोडलं होतं आणि घाट तर पुढंच होता. मी तिथंच फतकल मारून बसलो.

दुपारच्या एसटीच्या कंडक्टरनं बातमी आणली. उतारावर ट्रॉली डावी-उजवीकडं हेलकावे मारायला लागली, तिनं मोठ्या ट्रॅक्टरची पाठ आडवी ढकलली आणि दोन्ही रस्त्याकडेच्या चारीत गेले. आबाराव बोरीच्या झुडपात पडले, खरचटण्यावर निभावलं. श्रीपती स्टिअरिंग धरून राहिला होता. उजवा पाय चाकाखाली गेला. पुढं सोलापूरला नेऊन तो गुडघ्यापासून कापावा लागला.

शिंगरू मोडून पडलं. बाया दोन कोसांवरून पाणी आणायला लागल्या. आणि गावानं दोष कुणाला दिला? ड्रायव्हरला. उतारावर वेग आवरला नाही, म्हणाले. तोल तर अप्पाचा होता, तो कसा चुकेल?

श्रावणात सोसायटीची सभा भरली. श्रीपतीला हलगर्जीपणाबद्दल कामावरून काढण्याचा ठराव होता. तो दाराशी कुबडी घेऊन बसला होता, शेजारी त्याची बायको जाईबाई. मी तीन महिने नीट जेवलो नव्हतो. उठलो आणि सगळं सांगितलं. पार, ओढा, चिंच, दोन हात पुढं, नारळ. "चूक माझी हाय," मी म्हणालो. "त्यो बरोबर व्हता. त्यो पयल्यापून बरोबर व्हता. म्या लाजंपायी गप ऱ्हायलो."

मग आबाराव उठले, त्यांचे डोळे भरून आले होते. "बघा," ते म्हणाले, "ह्येला म्हंत्यात मोठं मन. पोराची भाकर जाऊ नये म्हणून म्हातारा माणूस त्याचं पाप आपल्या अंगावर घेतोय."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी ओरडत राहिलो, "आरं, खरं सांगतोय, देवाची आण," आणि ते आणखी वाजवत राहिले. जन्मभर माझा शब्द खरा मानणाऱ्या गावानं तेवढा एक मानला नाही. ठराव हात वर करून मंजूर झाला.

बाहेर जाईबाईनं मला गाठलं. ती ओरडली नाही. "अप्पा, तवा यक शब्द पुरला असता," ती म्हणाली. "आता शंभर बी पुरत न्हाईत." श्रीपती कुबडी टेकत पुढं गेला होता.

दिवाळीच्या आधी तेरखेड्याहून दोन माणसं ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन माझ्या दारात आली. ट्रॉलीवर विहिरीचं इंजिन आणि लोखंडी पाइप. बार्शीला चालले होते. "अप्पा," एक जण म्हणाला, "तुमचं लई नाव ऐकलंय. तेवढं बोट लावून द्या."

मी म्हणालो, "मला इचारू नका. श्रीपतीला इचारा, बौद्धवाड्यात."

"कोण? ज्यानं ट्रॅक्टर पालथा घातला त्यो?" ते हसले. त्यातल्या एकानं माझा हात धरून दांडीकडं नेला.

मी हात सोडवून घेतला आणि जाऊन दांडीवरच बसलो. म्हटलं, ट्रॉली श्रीपतीच्या दारात न्या, नाहीतर मी इथून उठत नाही. म्हाताऱ्याचा हट्ट म्हणून त्यांनी मानलं. मी पुढं चालत निघालो. साठ वर्षं या गावात राहिलो, पण त्या वस्तीत पाऊल ठेवण्याची माझी ती पहिलीच खेप होती. लोक दारात येऊन बघत होते.

श्रीपती बाजेवर बसला होता. जाईबाई चुलीपासून उठून दारात आली. मी त्या माणसांसमोर विचारलं, "श्रीपती, तोल बघून सांग. कसं घ्यायचं?"

त्यानं आधी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, बोलणारच नाही, आणि न बोलण्याचा त्याला हक्क होता. मग त्यानं ट्रॉलीकडं बघितलं, चाकांकडं बघितलं. त्याच घाटातून जाणारी माणसं ती.

"इंजिन दीड हात फुडं घ्या," तो म्हणाला. "पाइप बी फुडं सरकवा. दांडी उचलली न्हाय पायजे."

तेरखेड्याची माणसं जागची हलली नाहीत. ती माझ्याकडं वळली. "अप्पा, खरं का?"

श्रीपतीनं मान खाली घातली.

"खरं," मी म्हणालो, आणि तेव्हा कुठं त्यांनी इंजिनाला हात घातला. मी पहार लावली. दीड हात सरकवायला बराच वेळ गेला. काम झाल्यावर ते माझ्या पाया पडून निघून गेले. श्रीपतीला कुणी रामराम केला नाही.

मी अंगणात उभाच होतो. घामानं सदरा चिकटला होता, घसा कोरडा पडला होता. उंबऱ्याजवळ जाईबाईचा हंडा भरून ठेवलेला होता. तिनं पाणी विचारलं नाही, आणि मला मागायला तोंड नव्हतं.