पुरायचे राहिलेले उखळ

मी एक जुने दगडी उखळ आहे. कल्याणच्या कचेरीमागे चिंचेखाली असते. मित्रांनो, खेळताना तुम्ही माझ्यावर पाय देऊन उड्या मारता. मारा. मला आता काही वाटत नाही. पण एकदा माझी हकिकत ऐका.

मी नगरकडचे. पाथरवटाने टाकीने पोखरून मला घडवले आणि आवडाबाईच्या संसारात मी आले. उखळ घरात गळ्यापर्यंत पुरतात, फक्त तोंड वर ठेवतात. पुरले की ते घर. न पुरलेले उखळ म्हणजे नुसते सामान.

मग मोठा दुष्काळ पडला. आवडाबाईच्या नवऱ्याने, नाथाने, मला उकरून गाडीत घातले आणि तिघे घाट उतरून खडवलीला आले. तिघे म्हणजे ती दोघे आणि कडेवरची गोदा. नाथा रेल्वेची खडी फोडू लागला. गावाच्या कडेला सरकारी जागेत त्यांनी झोपडी घातली आणि राहायला कायमची जागा मिळावी म्हणून कचेरीत अर्ज दिला. "हुकूम आला की पुरू," असे म्हणून नाथाने मला दाराबाहेर ठेवले.

हुकूम आला नाही. कारकून बदलले, अर्ज तोच राहिला. आवडाबाई भात कुटायला लागली की मी कलंडायचे, दाणे मातीत जायचे. शेवटी ती शेजारच्या सखुबाईकडे कुटायला जाऊ लागली. सखुबाई इथलीच. ती माझ्याकडे बघून हसायची, "आवडे, तुजा पाव्हना कदी बसनार गो?"

एकदा कारकून पाहणीला आला. त्याने मला छडी मारली.

"हे बाहेर का?"

"हुकूम न्हाई जी. म्हणून पुरलं न्हाई."

"पुरलं नाही म्हणजे उद्या उठून जाणार तुम्ही."

"मग पुरू का, रावसाहेब?"

"हुकमाशिवाय? ते अतिक्रमण होईल."

आणि त्याने लिहिले, 'वस्ती तात्पुरती. चौकशी व्हावी.' शिकलेला माणूस! मी दगड आहे, पण मलाही त्यातला खोटेपणा कळला. त्याला कळला नाही, की कळूनही तो पान खात राहिला, ते त्याचे त्याला ठाऊक.

गोदा कडेवरून उतरली, मोठी झाली, तिचे लग्न ठरले. लग्नाआधी घाणा भरतात. दोन मुसळे एकत्र बांधून सुवासिनी उखळात हळकुंडे कुटतात. कलंडणाऱ्या उखळात ते कसे व्हायचे?

आवडाबाई म्हणाली, "पोरीचा घाणा मी लोकाच्या उखळात भरणार न्हाई. खणा."

"अगं, हुकूम..."

"हुकूम म्हातारा झाला. खणा म्हणते ना!"

नाथाने खणले. मी पुन्हा गळ्यापर्यंत जमिनीत बसले. आवडाबाईने मला शेणाने सारवले, हळदीकुंकू वाहिले. मला बरे वाटले. तेवढेच.

घाण्याच्या आदल्या दिवशी कचेरीची माणसे आली. पहारीने मला उपटले, माझा काठ फुटला. झोपडी मोडली. पुरावा म्हणून मला गाडीत टाकून इथे आणले. गोदाचा घाणा सखुबाईच्याच उखळात झाला, असे मागून कळले.

आवडाबाई एकदा कचेरीत आली होती. पट्टेवाला म्हणाला, "बाई, अर्ज चालू आहे." ती कचेरीमागे माझ्याजवळ आली, माझ्यातला पाला काढला, तळाशी हात फिरवला आणि गेली. ती आता कुठे राहते, मला माहीत नाही.

मित्रांनो, मोठे झालात की तुमच्यातला कुणीतरी त्या कचेरीत बसेल. आलेल्या माणसाला हो म्हणा, नाहीतर तोंडावर नाही म्हणा. पण त्याला दारात ठेवून म्हातारे करू नका.

माझे म्हणाल तर दर पावसाळ्यात इथे चिखल साचतो. आता मी आपोआप गळ्यापर्यंत रुतले आहे, अगदी कचेरीच्या जागेत. कुणीही हुकूम मागितला नाही.