रिकाम्या खान्यांतली माणसं

मित्रांनो, नेपाळच्या डोंगरात सिमलटार नावाचं बाजारगाव आहे. तिथल्या क्षयरोगाच्या दवाखान्यात अकरा वर्षं राबलेला मी एक म्हातारा संगणक. आता कोठीत मोडक्या खाटांशेजारी असतो.

माझ्या पोटात दोन तक्ते होते. एकात सगळे रुग्ण आणि दुसऱ्यात त्या महिन्यात औषध कुणी नेलं त्याची नोंद. नोंदी ठेवणारी तुलसा नावाची मुलगी दोन्ही तक्ते जोडायला सांगायची, मी यादी काढून द्यायचो. दवाखान्याचे प्रमुख गुरुङसर ती पाहून खूश. "बघा, एकानेही औषध चुकवलं नाही!" दसैंला, म्हणजे तिकडच्या दसऱ्याला, तर त्यांनी माझ्या कपाळीही टिळा लावला.

कौतुकाने बरं वाटायचं, पण डोकं गरगरायचं. तक्त्यात त्रेचाळीस नावं, यादीत अडतीसच! बाकीची कुठे सांडत होती? मीच गाळत होतो का? विचारल्याशिवाय बोलता येत नाही, हे आमच्या जातीचं दुखणं.

दुसऱ्या वर्षी फाल्गुनात एकदा परिचारिका दिलमायादिदी यादी बघायला आली.

"तुलसा, यादीत फूलमाया का नाही गं? तीन महिने तिचं तोंड दिसलं नाही."

"नाही म्हणजे बरी झाली असेल, दिदी."

"तिने तीनच महिने औषध नेलं. सहा महिन्यांचं औषध तीन महिन्यांत संपतं होय?"

तुलसाने रुग्णांचा तक्ता उघडला. फूलमाया तिथे होतीच. तुलसाने कपाळावर हात मारला. "अगं बाई! मी या संगणकाकडे दोन्ही तक्त्यांत सापडतील तेवढीच नावं मागत होते. उरलेली गेली गळून!"

मग तिने मला नव्याने सांगितलं : रुग्णांचं एकही नाव सोडायचं नाही, औषधाची नोंद नसेल, तर समोरचा खाना रिकामा ठेवायचा. त्रेचाळीस नावं आली. पाच खाने रिकामे.

"हे काय भलतंच?" सर वैतागले. "यंत्र बिघडलं वाटतं."

मलाही तसंच वाटलं. आत काहीच नसलेलं उत्तर मी तोवर कधी दिलं नव्हतं.

"यंत्र नाही बिघडलं, सर," पिशवीत गोळ्या भरत दिदी म्हणाली, "तुमची शाबासकी बिघडली."

सरांनी काठी उचलली. "कुणाचं घर सगळ्यात वर आहे?"

चौथ्या दिवशी सर आणि दिदी परतले. फूलमायाची पायवाट दरडीखाली गेली होती. तिच्यासह चौघांचं औषध पुन्हा सुरू झालं. पाचवे हर्कबहादुर आजोबा मात्र तोवर गेले होते. त्यांच्या सुनेने दारातच विचारलं होतं, "आत्ता आलात?"

त्यांच्या नावासमोर काय लिहावं, ते तुलसाला कळेना. तिची बोटं माझ्यावर नुसतीच टेकून राहिली. मलाही कळलं नाही. अजून कळत नाही.

मित्रांनो, नवा संगणक माझ्याहून हुशार आहे म्हणे. पण तोही विचाराल तेवढंच सांगणार. दोन याद्या जोडताना, ज्यांची जोडी जमली नाही त्यांनाही ठेवा. आणि एखाद्या नावासमोर रिकामं दिसलं, तर यंत्राला थापट्या मारत बसू नका. चपला घाला आणि त्या घरी जा.