लोरांडचे कान

पत्त्यांच्या डावात थाप कधी मारावी, याचं गणित लोरांडनं मांडलं होतं आणि ते बऱ्याच विद्यापीठांत शिकवलं जात होतं. त्याला स्वतःला मात्र थाप मारता येत नसे. मारायला गेला की कान लाल व्हायचे. न्यू जर्सीतल्या त्या गावात स्थायिक झालेले झाडून सगळे हंगेरियन हे ओळखून होते, म्हणून शुक्रवारच्या डावाला त्याला अगत्यानं बोलावणं असे.

दुसरी खोड अशी, की कोणी हिशेब उच्चारायचा अवकाश, याच्या तोंडातून उत्तर निघालेलं असे. ते नेहमी बरोबर असे, हे जास्त वैतागाचं. त्याच्याच आराखड्यावरचं गणकयंत्र त्याच्या विद्यापीठाच्या तळघरात उभं होतं आणि त्याची बायको इबोया त्या यंत्राला गणितं करायला शिकवत होती. आज यंत्राचा खर्च उचलणाऱ्या नौदलाचे अ‍ॅडमिरल थॉर्नडाइक ते बघायला येणार होते. पसंत पडलं नाही, तर यंत्राला कुलूप आणि इबोयाची सगळी मेहनत भंगारात.

"आज तोंड उघडायचं नाही," तिनं सकाळीच बजावलं.

"अगं, पण विचारलं तर?"

"खसखशीचा रोल देते बरोबर. विचारलं की घास घे."

अ‍ॅडमिरलनी नेमकं तेच विचारलं. "प्रोफेसर, तुम्ही म्हणे यंत्रापेक्षा जलद? होऊन जाऊ द्या!"

तोफगोळा कुठे पडेल, असा प्रश्न होता. यंत्र घरघरू लागलं. इबोयानं रोल पुढे केला. लोरांडनं पाहिलंसुद्धा नाही. यंत्राचं उत्तर यायच्या आत त्यानं आकडा सांगून टाकला. संपलं सगळं, म्हणत इबोया खुर्चीत बसली. सवयीनं तिनं त्याच्या कानांकडे पाहिलं. पांढरेफटक.

यंत्राचा आकडा वेगळा निघाला. अ‍ॅडमिरलनी खिशातून आधीच काढून आणलेलं उत्तर उलगडलं.

"यंत्र बरोबर! प्रोफेसर, तुम्ही चुकलात! चालू ठेवा हे, चालू ठेवा."

परतताना गाडीत लोरांडनं रोलचा एक घास घेतला.

"मुद्दाम चुकलो मी," घास गिळून तो म्हणाला. "तुझ्यासाठी."

त्याचे कान टोमॅटोसारखे झाले होते.

"मला कळलंच की रे," इबोया रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाली. "आकडा सांगताना कान केवढे लाल झाले होते तुझे!"

लोरांडनं निःश्वास सोडला आणि उरलेला रोल खायला घेतला.

इबोयाचे कान कधीच लाल होत नसत. शुक्रवारच्या डावाला तिला कोणी बोलवत नसे.