शेवटचा कनेक्टर

मित्रांनो, पक्कड म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे खिळे उपटणारी दांडगी पक्कड येत असेल. मी त्यातली नव्हे! मी एक जुनी क्रिम्पिंगची पक्कड आहे. इंटरनेटच्या केबलमधल्या आठ रंगीत तारा ठरलेल्या क्रमाने प्लास्टिकच्या कनेक्टरमध्ये सरकवायच्या, तो माझ्या जबड्यात ठेवायचा आणि मूठ आवळायची. कट्! एकदा दाबलं की दाबलं. तारा चुकल्या तर कनेक्टर कापून फेकावा लागतो.

कारखान्यातून निघाले ती थेट आमच्या मालकांच्या हाती आले. वीस वर्षं आम्ही कचेऱ्यांच्या छतांत, टेबलांखाली केबली जोडल्या. "हिच्यासारखी दुसरी नाही," असं ते चारचौघांत म्हणत. मी फुगून जात असे, खोटं कशाला बोलू? पुढे ते निवृत्त झाले आणि मी खणात पडले. कोणी तेलाचा थेंबसुद्धा सोडला नाही.

एका दुपारी खण उघडला. मालकांच्या लेकीची नोकरीची मुलाखत चार वाजता, संगणकावर होती. मागच्या खोलीत वायफाय धड पोहोचत नव्हतं. मालकांनी विकतची केबल आणली. तिचं टोक भिंतीच्या भोकातून जाईना, म्हणून ते कापलं आणि केबल पलीकडे ओढली. आता नवं टोक मी बसवायचं होतं. कनेक्टर चारच होते.

पहिला दाबला. केबल तपासायच्या डबीवर आठ तारांचे आठ दिवे ओळीने लागायला हवेत; पण सहाव्याच्या जागी आठवा लागला. हिरवी आणि तपकिरी तार उलटसुलट झाली होती. दुसराही तसाच. तिसराही! साडेतीन वाजले.

"ही पक्कडच म्हातारी झालीय. नीट दाबतच नाही. भंगारात टाकतो हिला," मालक चिडले.

नाचता येईना, अंगण वाकडं! मला जबडा आहे, पण जीभ नाही हो.

लेक दारात उभी होती. "बाबा, राहू द्या. मी मोबाइलवरून देते."

"मागच्या वेळी मध्येच आवाज गेला, म्हणून तर हातची नोकरी गेली ना तुझी?" मालक म्हणाले.

तेवढ्यात शिलाई मशीनवरून मालकीणबाई उठल्या. कपडे शिवण्यात त्यांचा जन्म गेला. त्या शेजारी येऊन बसल्या.

"अहो, सहा महिने झाले, तपकिरी रीळ मागितलं की तुम्ही हिरवं देता. मी गप्प बसले, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

मालकांनी त्या दोन तारा डोळ्यांजवळ धरल्या. मग हळूच म्हणाले, "दोन्ही सारख्याच दिसतात गं. कोणत्या तोंडाने सांगू? वीस वर्षं रंगांवरच तर पोट भरलं."

"त्यात काय एवढं! रंग मी सांगते, दाबा तुम्ही."

बाईंनी एकेक तार बोटाने दाखवली, मालकांनी लावली. शेवटचा कनेक्टर माझ्या जबड्यात आला. मी सगळा जीव एकवटला. कट्! डबीवरचे आठही दिवे ओळीने लागले. चारला लेकीने दार लावून घेतलं. पाऊण तास तिचा आवाज एकदाही तुटला नाही. मालक दाराबाहेर मला मुठीत धरून बसले होते, आणि त्यांचे डोळे भरून आले होते.

दुसऱ्या दिवशी ते डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. मोतीबिंदू झाल्याचं कळलं; त्यानेच रंग मळकट दिसत होते. जाण्याआधी त्यांनी माझ्या सांध्यात तेल सोडलं.

मित्रांनो, अवजारं गंजू देऊ नका, एवढं मागणं आहेच. पण घरातलं एखादं जुनंजाणतं माणूस अवजारावर चिडू लागलं, तर अवजार फेकायच्या आधी त्या माणसाच्या शेजारी जाऊन बसा.