चाळीस घरांचा सदरा

"नवा नको गं बाई, जुना दे! किती वेळा सांगू?"

असिलकान शेजारच्या कालिचाच्या दारात उभी होती आणि कालिचा तिच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीतला कोरा करकरीत टॉवेल कोंबत होती.

"घे की! नातवाचा चाळिसावा दिवस, आणि मी काय फाटकं देऊ?"

"फाटकंच दे. अंगाला लागलेलं, घाम प्यालेलं."

"फाटकं आणू कुठून? आमच्याकडे फाटायच्या आधीच फेकतात. सूनबाईंनी परवाच तीन गाठोडी बाहेर काढली."

"मग नवऱ्याचं काहीतरी दे. तो काही फेकायच्या लायकीचा झाला नाही अजून."

कालिचा खदखदून हसली. मग अंगणात गेली, दोरीवर वाळत घातलेला नवऱ्याचा पायजमा उचलला आणि कात्रीने खालचा कोपरा कचकन कापून घेऊन आली. "विचारलं त्याने, तर उंदरानं खाल्ला म्हणेन," ती म्हणाली. तो ओला कोपरा मुठीत धरून असिलकान पुढच्या घराकडे वळली.

मूल चाळीस दिवसांचं झालं की त्याला चाळीस चमचे पाण्याने न्हाऊ घालायचं आणि चाळीस घरांतून मागून आणलेल्या चाळीस तुकड्यांचा सदरा अंगात घालायचा, ही रीत कोचकोर गावात कुणी कुणाला शिकवत नाही. तुकडा वापरलेल्या कपड्याचा हवा आणि वापरणारा भरपूर जगलेला हवा. त्याचं आयुष्य कापडातून बाळाला लागतं. मुलाच्या, मिर्लानच्या वेळी असिलकानने एका सकाळीत चाळीस तुकडे गोळा केले होते आणि वर सात उरलेही होते. या खेपेला पाच दिवस झाले, पायांचे तुकडे पडले, पण कापडाचे तुकडे सदतीसच. घराघरांत कपाटं ओसंडून वाहत होती आणि चिंधी म्हणून मिळत नव्हती.

असिलकानच्या घराची गोष्ट वेगळी. ती तीस वर्षं तालुक्याच्या दवाखान्यात चादरी-उशांच्या खोलीवर होती. विरलेली चादर मधून फाडायची, कडा आत घेऊन पुन्हा शिवायची, आणखी विरली की उशीचे अभ्रे, मग लंगोट, मग पुसणी, हे तिच्या हाताला इतकं बसलं होतं की नोकरी संपली तरी हात थांबले नाहीत. तिच्या घरात शिळ्या पावाचा चुरा सूपमध्ये जाई, चहाचा चोथा फुलझाडांना, बटाट्याची सालं गाईला. असिलकानच्या घरातून उंदीरसुद्धा उपाशी पळतो, असं गल्लीत म्हणत. ते तिच्या कानावर आलं होतं. "बरोबर आहे," ती म्हणाली होती, "तेवढाच मांजराच्या दुधाचा खर्च वाचतो."

सून बेगाइम मात्र शहरातली, शाळेत शिकवणारी, गुणाची पोर. फोनवर कुणाकुणाची भाषणं ऐकून तिने लग्नानंतर जाहीर केलं होतं की आपण आता कमी विकत घ्यायचं आणि कचरा करायचा नाही. मग त्यासाठी बाजारातून डझनभर काचेच्या बरण्या आल्या, लाकडी दांड्यांचे ब्रश आले, कापडी पिशव्या आल्या, आणि त्या सगळ्या ठेवायला एक मांडणी आली.

असिलकानने तो पसारा कौतुकाने पाहिला. "कमी विकत घ्यायला किती विकत घ्यावं लागतं गं!"

बेगाइम लाजून लाल झाली होती. पण तिने त्यातून धडा घेतला आणि सासूच्या शेजारी बसून रफू शिकली. आताही तिच्या एका मैत्रिणीने फोनवर तयार सदरा दाखवला होता, चाळीस ठिगळं नुसती छापलेली, दोन दिवसांत घरपोच. बेगाइमने सासूच्या देखत तो तिथल्या तिथे नाकारला. या एका गोष्टीसाठी असिलकानने तिला मनातल्या मनात शंभर आशीर्वाद दिले.

त्या दुपारी बाळ झोपलं होतं. मिर्लान धरणावर पाळीला गेला होता, तो रविवारीच येणार होता. असिलकानने सदतीस तुकडे सतरंजीवर मांडले आणि मग मोठी पेटी उघडून तळापर्यंत उपसली.

"काय शोधताय आपा?" बेगाइमने विचारलं. सासूला ती आईच्या नात्याने आपा म्हणे.

"तुझ्या सासऱ्याचं काहीतरी. बाहीचा तुकडा, कॉलर, काहीही."

कुबात कालव्यावरच्या पंपांचा मिस्त्री होता. चोवीस वर्षांपूर्वी, मिर्लान सहा वर्षांचा असताना, एका मार्चमध्ये छातीत कळ येऊन गेला. सत्तेचाळिसावं चालू होतं. त्याचे चांगले कपडे रीतीप्रमाणे त्याला शेवटची आंघोळ घालणाऱ्यांना गेले. उरले ते असिलकानने वापरले. निळ्या सदऱ्यातून मिर्लानचे दोन सदरे झाले, ते आखूड झाल्यावर उशीचा अभ्रा, मग भांडी पुसायचं फडकं, आणि शेवटी एका हिवाळ्यात ते खिडकीच्या फटीत बसलं ते तिथेच कुजून गेलं. पँटीची बाजारची पिशवी झाली होती. ती मिर्लानच्या लग्नाआधी विरून हातात आली.

पेटीच्या तळाशी नुसतं लाकूड होतं.

"तुम्ही तर काहीच फेकत नाही," बेगाइम गोंधळून म्हणाली. "मग काहीच कसं उरलं नाही?"

"फेकलं नाही म्हणूनच उरलं नाही, बाळा."

हे बोलताना असिलकानला हसू आलं आणि मग हसू येता येता रडू आलं. जन्मभर ज्या गुणाचा तिला अभिमान होता, त्या गुणानेच नवऱ्याला धागा न् धागा संपवलं होतं. नातू अगदी त्याच्या वळणावर गेलेला, तीच रुंद भुवई. त्याच्या पहिल्या मोठ्या सदऱ्यात आजोबाचा बोटभर तुकडा असावा, एवढंच तिला हवं होतं. आणि असता, तरी तो लावता आला असता का? सत्तेचाळिशीत गेलेल्या माणसाचं कापड तान्ह्या अंगावर घालायचं नाही, हे तिने स्वतःच दहा बायकांना दटावून सांगितलं होतं.

"आपा, त्यांच्या फोटोतला सदरा कापडावर छापून मिळेल शहरात," बेगाइम हळूच म्हणाली.

"छापलेला घाम कुठे मिळतो का गं?" असिलकानने डोळे पुसले. "तू हे आवर. मी असानाली बाबांकडे जाऊन येते."

असानाली गल्लीच्या टोकाला राहत. शहाऐंशी वर्षांचे, सगळे दात गेलेले आणि जीभ मात्र जागेवर. एवढं जगलेलं माणूस आसपास दुसरं नव्हतं, म्हणून त्यांच्याकडचा तुकडा सगळ्यांनाच हवा असे. ते उन्हात बाकावर बसून सफरचंदाच्या फोडी दोऱ्यात ओवत होते.

"ये सूनबाई," ते म्हणाले. अडुसष्टाव्या वर्षीही ती त्यांच्या लेखी गल्लीची सूनबाईच होती. "मला वाटलंच, येशील. उशीर केलास. पोरांनी रशियातून पाठवलेल्या दोन जाकिटांवर याआधीच कुणीतरी कात्री चालवलीय."

"मग काही राहिलंय का?"

"एक आहे. पण त्याला बोकडाचा वास येतो."

ते उठले आणि गोठ्यात गेले. खुंटीवरचा जाडजूड कापूस भरलेला कोट घेऊन आले. असिलकानने तो आधी ओळखलाच नाही. त्यावर इतकी ठिगळं होती की मूळ कापड कोणतं ते कळत नव्हतं. मग तिला आठवलं. कुबातला आंघोळ घालणाऱ्यांत असानाली होते, आणि त्यांच्या वाट्याला कुबातचा हिवाळी कोट गेला होता. दोन-चार हिवाळे तिने तो गल्लीत येता-जाता पाहिला. पाहिला की ती रस्ता बदलायची. मग कधीतरी दिसेनासा झाला आणि तिला वाटलं, संपला असेल.

"हा अजून आहे?"

"बोकडांना चारा घालताना घालतो. बाहेरचं कापड माझ्या म्हातारीने दोनदा बदललं. अस्तर सुनेने बदललं. बाह्या तर कुणाच्या आहेत देव जाणे." त्यांनी कोट उलटा केला आणि उजव्या खिशात हात घातला. हात कोपरापर्यंत आत गेला. "हा खिसा तेवढा कुबातचा. एवढा खोल खिसा मी जन्मात पाहिला नाही. काय ठेवायचा गं तो यात?"

"पाना," असिलकान म्हणाली. "पंपाचा मोठा पाना. सारखा हरवायचा. मग मीच खिसा वाढवून दिला होता."

तपकिरी, जाड कापड. तिने बोट फिरवलं. टाके तिचेच होते, घाईत घातलेले, थोडे वाकडे. चोवीस वर्षांत एकही उसवला नव्हता. ती बाकावर बसली आणि काही बोलायच्या आत डोळे भरून आले, ते तिने लपवले नाहीत.

असानालींनी सफरचंदाची आणखी एक फोड दोऱ्यात ओवली. मग म्हणाले, "काप."

"कसा कापू बाबा? तो सत्तेचाळिसाव्या वर्षी गेला. पोराच्या अंगाला..."

"त्याने हा कोट किती वर्षं घातला?"

"चार हिवाळे."

"आणि मी चोवीस. आता सांग, कोट कुणाचा? चार वर्षंवाल्याचा की चोवीस वर्षंवाल्याचा? अगं, माझी हाडं यात पिकलीत. मी अजून मेलो नाही, आणि मरायची घाईही नाही. बोकड विकायचेत मला."

"पण बायका विचारतील."

"विचारू दे. मी येतोच आहे जेवायला."

असिलकानने खिसा उसवला. एक-एक टाका तिने जपून काढला. खिसा निघाला आणि कोटाला भोक पडलं, तेव्हा तिने पिशवीतून सुई-दोरा काढला, डोक्यावरचा रुमाल सोडला, त्याचा अर्धा भाग फाडला आणि तिथेच बसून नवा खिसा शिवला.

"असू दे गं, बोकडांना काय खिसा लागतो?"

"भोक ठेवून जाणार नाही मी," ती म्हणाली. खिसा तिने पहिल्याइतकाच खोल केला. परतताना शेजारच्या आणि समोरच्या घरातल्या म्हातारीने एकेक तुकडा दिला, आणि चाळीस भरले.

रविवारी घर भरलं. कढईत पिठाचे फुगरे बोर्सोक तळले जात होते, चहावर चहा होत होता. बाळाला चाळीस चमचे पाण्याने न्हाऊ घातलं, त्याने छप्पर उडेल असा गळा काढला आणि बायका खूश झाल्या. मग सदरा आला. रंगीबेरंगी, वेडावाकडा, आतून मऊ. बाळाच्या अंगात घातल्यावर बायका ठिगळांवर बोट ठेवून नावं घेऊ लागल्या. हे कुणाचं, ते कुणाचं. "हा माझ्या नवऱ्याचा पायजमा!" कालिचा ओरडली आणि तिचा नवरा म्हणाला, "म्हणजे तो उंदीर तूच!" हसता हसता सगळ्यांची पुरेवाट झाली.

मग कुणाचंतरी बोट छातीवरच्या तपकिरी तुकड्यावर आलं. "आणि हा?"

असिलकानने दारात बसलेल्या असानालींकडे पाहिलं. त्यांचं नाव घेऊन मोकळं होता आलं असतं.

"असानाली बाबांचा," असिलकान म्हणाली. मग थांबली. "त्याआधी कुबातचा."

एका म्हातारीने जीभ चावली. मिर्लान बापाचं नाव ऐकून खाली बघायला लागला.

असानालींनी चहाची वाटी खाली ठेवली. "त्याचे सत्तेचाळीस आणि माझे शहाऐंशी," ते म्हणाले. "कुणीतरी शिकलेलं सांगा, किती झाले?"

"एकशे तेहेतीस," बेगाइम लगेच म्हणाली.

"एवढ्यात भागेल ना पोराचं?"

सगळ्यात आधी ती जीभ चावणारी म्हातारीच हसली. मग तिने बाळाच्या छातीवर हात ठेवला आणि आशीर्वाद पुटपुटली, आणि बाकीच्यांनीही तळवे चेहऱ्यावरून फिरवले. मिर्लान आईजवळ येऊन बसला. त्याला तो कोट आठवत होता की नाही, हे असिलकानने विचारलं नाही. जन्मात क्वचित वाटावं इतकं तिला बरं वाटत होतं.

माणसं पांगायला लागली तेव्हा कालिचा रेंगाळली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "असिलकान, एक मागू? आमच्या मोठ्या सुनेला सातवा लागलाय. आधीची दोन राहिली नाहीत, तुला माहीतच आहे. तुझ्या नातवाचं सुखरूप पार पडलं. हा सदरा आमच्या बाळाला..."

सुखरूप न्हालेल्या पोराचा सदरा दुसऱ्या घरी मागतात, आणि मागितला तर नाही म्हणत नाहीत. पण बेगाइम चटकन पुढे झाली.

"नाही, कालिचा मावशी, हा नको. आपा, हा आपण जपून ठेवू. काच लावून भिंतीवर लावू."

असिलकानने सुनेकडे पाहिलं. पोरीचे डोळे भरले होते, आणि ते आपल्यासाठी, त्या तपकिरी तुकड्यासाठी भरले होते हेही तिला कळलं.

"भिंतीला थंडी वाजते का गं?" ती मायेने म्हणाली.

तिने बाळाच्या अंगातून सदरा सोडवला, आधी एक बाही, मग दुसरी. सदरा अजून ऊबदार होता. तिने तो गुडघ्यावर ठेवून नीट घडी केली, तपकिरी तुकडा आत गेला. ती घडी तिने दोन्ही हातांनी कालिचापुढे धरली.

"खालची शिवण जरा सैल आहे," ती म्हणाली. "उसवली तर लगेच टाका घाल."