चमचाभर खळ

मौलवीसाहेबांच्या हातून उठाव झाला, त्याचं कारण खळ जरा जास्त लागली.

मशिदीवर दोन जिवांचं भागत नव्हतं. एक ते स्वतः आणि दुसरी त्यांची थोरली विधवा बहीण. म्हणून मशिदीला लागून असलेल्या खोलीत ते पुस्तकं बांधायचे. लोकांची पुस्तकं निगुतीनं बांधायची आणि स्वतःचं, शुक्रवारच्या प्रवचनाचं पुस्तक बावीस वर्षं सुतळीवर तगवायचं, असा त्यांचा खाक्या. शेवटी बहिणीनं टोमणा मारला, "सगळ्या गावाला कपडे शिवतोस आणि स्वतः चिंध्यांत फिरतोस." तेव्हा एका गुरुवारी त्यांनी तेही बांधायला घेतलं. भांड्यात उरलेली खळ टाकवेना, म्हणून सढळ हातानं सगळी लावून टाकली.

शुक्रवारी पान सत्तावीसनंतर एकदम तीस आलं. मधल्या दोन पानांवर समुद्रापलीकडच्या बादशहाला नाव घेऊन उदंड आयुष्य मागितलेलं होतं. ते दर आठवड्याला मागायचंच, असा सरकारी हुकूम होता. मौलवीसाहेबांच्या लक्षातही आलं नाही. तोंड वाचत होतं आणि मन कचेरीच्या एका जाड दप्तराची पाठ शिवत होतं.

लोकांच्या मात्र लक्षात आलं. बादशहावर कुणाचं प्रेम होतं अशातला भाग नाही. पण ते नाव आलं की प्रवचन संपत आलं, हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि पायाला मुंग्या आलेली माणसं त्याची मनापासून वाट बघायची. त्या दिवशी नाव आलंच नाही. त्यात पंधराच दिवसांपूर्वी हुकूम निघाला होता की, घाटातल्या रस्त्यावर दर घरातून एक माणूस फुकट राबायला पाठवायचा. गाव आधीच धुमसत होतं.

नमाज झाल्यावर लोहार येऊन मौलवीसाहेबांच्या हाताला डोळे लावून गेला. कुणीतरी वारलं असावं, असं वाटून त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. बाहेर आले तर चपला गायब. घाईघाईत कुणीतरी घालून गेलं होतं.

संध्याकाळपर्यंत रस्त्याची चौकी जळाली आणि गावातले तीनशे पुरुष घाट अडवून बसले. मौलवीसाहेबांनी भर मशिदीत बादशहाचं नाव टाकलं, आता कसली वाट बघायची, असं जो तो म्हणत होता. उठावात सामील न झालेला गावातला एकमेव धडधाकट पुरुष हा उठावाचा पुढारी होता. त्यांच्याकडून सामील झाल्या होत्या त्या फक्त चपला.

सरकारच्या साहेबानं त्यांना खोलीत आणि मशिदीत कोंडून दाराबाहेर पहारा बसवला. बांग तेच द्यायचे आणि नमाजाला पुढे तेच उभे राहायचे. शेवटी उजवीकडे आणि डावीकडे तोंड फिरवून सलाम करायचा, तर दोन्हीकडे रिकाम्या चटया. तरी उठायच्या आधी ते जरा थांबायचे. कुणी उशिरा आलं असेल तर.

तिसऱ्या दिवशी बहिणीनं पुस्तक उजेडात धरलं.

"हे काय रे? पानं चिकटलीत."

मौलवीसाहेबांनी पानाच्या कडेवरून नख फिरवलं.

"आपा, मी काहीच केलं नाही."

"ते तुझ्याकडे बघून मला कधीच कळलं होतं. आता साहेबाला खरं सांग नि मोकळा हो. तुला खोटं बोलता येत नाही, तर खरं बोलायला काय जातंय?"

साहेबाला सांगितलं. तो इतका हसला की दुभाष्यालाही थोडं हसावं लागलं. मग त्यानं अट घातली. येत्या शुक्रवारी बादशहाचं नाव घ्यायचं आणि खळीची हकिगत सांगायची. ती घाटापर्यंत दवंडी पिटून पोचवू. माणसं घरी आली तर त्यांना माफी, मौलवीला सुटका. नाही तर मौलवीची रवानगी कैद्यांच्या बेटावर.

मौलवीसाहेब हो म्हणाले. खरंच तर सांगायचं होतं.

गुरुवारी त्यांनी किटलीच्या वाफेवर पानं सोडवायला घेतली. तेवढ्यात लोहाराची बायको बहिणीकडे आली आणि दारातूनच बोलली.

"मौलवीसाहेब, शिपाई दिसला की आमचे हे गल्ली बदलायचे. आता घाटात, वाट अडवायला रचलेल्या पहिल्या दगडाशी उभे आहेत. निरोप आलाय, म्हणतात, मौलवीसाहेबांना भीती वाटली नाही, मग मला काय झालं?" ती थोडी घुटमळली. "खरंच नव्हती वाटली?"

मौलवीसाहेबांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं.

"तेव्हा नव्हती," ते म्हणाले.

ती समाधानानं गेली. पानं सुटली होती. शाई जरासुद्धा फुटली नव्हती. मौलवीसाहेब त्या पानांकडे बघत बसले. दगडाशी उभ्या असलेल्या माणसाला उद्या दवंडीतून कळणार होतं की, आपण चमचाभर खळीसाठी उभे होतो. मग तो परत गल्ल्या बदलू लागणार. आयुष्यभर.

"आपा, बेटावर पुस्तकं असतील का गं?"

 बहिणीनं त्यांची सुई आणि दोरा रुमालात बांधायला घेतला.

शुक्रवारी मशिदीत साहेब, दुभाष्या आणि चार शिपाई होते. पडद्याआड बहीण. मौलवीसाहेब सत्तावीसपर्यंत आले. अठ्ठावीस उलगडलं. नाव समोर होतं, ठळक अक्षरात. त्यांनी एकदा शिपायांकडे पाहिलं. ते दोन्ही पानं मनातल्या मनात, शब्द न गाळता वाचून गेले आणि तीस मोठ्यानं वाचायला लागले.

"आत्ता काय म्हणाला तो?" साहेबानं विचारलं.

"काहीच नाही, साहेब."

"भाषांतर कर."

दुभाष्या बराच वेळ गप्प राहिला. त्याच्या नोकरीतलं ते सगळ्यात अचूक भाषांतर होतं.

साहेब पुढे आला. "पुन्हा पानं चिकटली?"

"नाही साहेब," मौलवीसाहेबांनी पुस्तक उघडून दाखवलं. "आज अगदी सुटी आहेत."

बंदरापर्यंत चालत न्यायचं ठरलं. रस्त्यात एक माणूस नव्हता, सगळे घाटात. खिडक्यांच्या फटीतून बायका बघत होत्या. निघताना मशिदीच्या दारात शिपायानं त्यांच्या पायांकडे पाहिलं होतं.

"चपला कुठंयत?"

"त्या पुढं गेल्यात," मौलवीसाहेब म्हणाले. "मलाच जरा उशीर झाला."