दोनशे एकतीस किलोमीटर

सिग्नलला तिने पुन्हा एकदा एसीचं बटण पाहिलं. बंदच होतं. काचा वर, पाठ घामाने सीटला चिकटलेली, आणि मागचा ट्रकवाला हॉर्नवरचा हात काढायला तयार नाही. हिरवा दिवा लागल्यावरही ती निवांतच निघाली. वेग चाळीसच्या वर जाऊ द्यायचा नाही, ब्रेक मारायचा नाही, नुसता पाय उचलून गाडी आपोआप मंदावू द्यायची. असे नऊ दिवस झाले होते. समोरच्या पडद्यावरचा आकडा दोनशे एकतीसवर चढला होता.

एका चार्जवर गाडी किती किलोमीटर जाईल ते हा आकडा सांगतो, आणि तो ठरतो मागच्या काही दिवसांत गाडी कशी चालवली त्यावरून. नवख्या माणसाला ते ब्रह्मवाक्य वाटतं. हायवेवर एसी लावून शंभरने हाणली, की हीच गाडी एकशे चाळीसला मान टाकते, हे तिला तीन वर्षांत पुरतं कळलं होतं.

ती फिजिओथेरपिस्ट होती. पेशंटच्या घरी जाऊन गुडघे वाकवायचे, खांदे फिरवायचे, दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर. पेट्रोलचे जे पैसे वाचत, त्यात गाडीचा निम्मा हप्ता भागे. टायर लवकर झिजत, विमा महाग पडे, मागे बसणाऱ्याचे गुडघे छातीला लागत. तरी तिचा या गाडीवर जीव होता. घरी आलं की पार्किंगमधल्या सॉकेटला लावायची, सकाळी भरलेली घ्यायची, एवढंच तिचं मागणं. लावायला विसरलं तर मात्र संपलं.

दोन महिन्यांपूर्वी तसंच झालं. पहाटे वडिलांच्या शेजारणीचा फोन आला, ती अनवाणीच खाली धावली, आणि गाडीत अकरा टक्के होते. वडील राहायचे नव्वद किलोमीटरवर. त्या वेळी टॅक्सी मिळेना. जवळचा चार्जर बंद, पुढच्यावर रांग. ती पोहोचली तेव्हा वडील जाऊन वीस मिनिटं झाली होती.

“शेवटपर्यंत दाराकडे बघत होते गं,” शेजारीण म्हणाली.

गाडी आदल्या दिवशी आपल्या धाकट्या भावाने नेली होती, असं नवऱ्याने सांगितलं. लावायला विसरला असेल, त्याचं असंच असतं.

तिने दिराला जाब विचारला नाही. भांडून मोकळं व्हायचंच नव्हतं तिला. तो भेटायला आला तेव्हा तिने पाण्यालाही विचारलं नाही. त्याचे डोळे भरून आलेले तिला दिसले, आणि तिला त्या डोळ्यांची चीड आली.

दिराचं फोटोंना फ्रेम करून देण्याचं दुकान होतं, एका बोळात, उजेड नसलेलं. वर्षभर तो दुसऱ्या शहरात चांगली जागा शोधत होता. ती आता मिळत होती. मंगळवारी अकराच्या आत येऊन सही करा, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक उभं आहे, असं मालकाने बजावलं होतं. अंतर एकशे सत्तर किलोमीटर. त्याची जुनी व्हॅन इंजिन उघडून गॅरेजमध्ये पडलेली. त्याने फोन करून गाडी मागितली तेव्हा ती लगेच हो म्हणाली, आणि त्याच दिवसापासून तिने एसी बंद केला. एकशे चाळीसच्या आसपास नकाशावर नुसतं माळरान होतं. तिथे त्याने घड्याळाकडे बघत बसावं, एवढीच तिची इच्छा होती.

मंगळवारी सातला तो आला. इस्त्रीचा शर्ट, काखेत कागदांची फाइल. तिने पार्किंगमध्ये जाऊन वायर काढली, गुंडाळून मागे ठेवली.

“दोनशे एकतीस दाखवतेय,” ती म्हणाली. त्यात खोटं काहीच नव्हतं.

“मग तर आरामात.” तो आत बसला. स्टिअरिंगच्या आजूबाजूला त्याने हात फिरवला, खाली वाकून बघितलं, मग ओशाळून हसला. “वहिनी, चावी कुठे लावायची असते हिला?”

“चावी लावत नाहीत, खिशात असली की झालं. ब्रेक दाबून बटण दाबायचं.”

त्याने दाबलं. पडदा उजळला. तो वाट बघत राहिला.

“सुरू होत नाहीये.”

“झालीये. आवाज नसतो हिला.” बोलता बोलता तिचा हात दारावर थांबला. “भाऊजी, तुम्ही मागे नेली होतीत ना गाडी? बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी?”

“मी? नाही हो. मी आत बसतोय तीच आज पहिल्यांदा. दादा म्हणायचा, वहिनीला आवडत नाही कुणी हात लावलेला. म्हणून तर फोन करतानाही दहादा विचार केला.”

गाडीच्या चाव्या दोनच होत्या. एक तिची.

मग वाकून तिने पडद्यावर बोट टेकवलं.

“हा आकडा खरा नाही, भाऊजी. मी हळू चालवते म्हणून फुगलाय. एकशे चाळीसच धरा. शंभराव्या किलोमीटरला पेट्रोलपंप लागेल, तिथे चार्जर आहे. चाळीस मिनिटं लावा. आत्ता निघालात तर साडेदहाला पोहोचाल.”

“बरं झालं सांगितलंत. मी तर तसाच गेलो असतो.”

“पाणी घेतलंय का बरोबर?”

त्याने नकारार्थी मान हलवली. तिने वर जाऊन बाटली भरून आणून दिली.

गाडी वळणाआड गेल्यावर ती घरात आली. नवरा आरशासमोर दाढी करत होता.

“नेली का त्याने? बघ हं, परत चार्ज न करताच आणून ठेवेल.”

“नाही ठेवणार,” ती म्हणाली.

“आणि ऐक, पुढच्या गुरुवारी मला लागेल. आमच्या मोठ्या साहेबांना विमानतळावरून आणायचंय. खास माझं नाव घेऊन सांगितलंय त्यांनी. जाऊन येऊन एकशे नव्वद होतील. पुरेल ना?”

तिने त्याच्या गालावर राहिलेला फेस पाहिला. टॉवेल उचलून त्याच्या हातात दिला.

“आकडा बघूनच निघ,” ती म्हणाली.

संध्याकाळी दीर आला, सही झाल्याचं सांगून, पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवून गेला. जाण्याआधी त्याने स्वतः गाडी सॉकेटला लावली होती, आणि ती नीट लागली का ते बघायला तिला खाली बोलावलं होतं.

बुधवारी सकाळी ती पेशंटकडे निघाली. हायवेच्या एका फेरीने आकडा एकशे छत्तीसवर आला होता. गुरुवारला अजून आठ दिवस होते. तिने काचा वर घेतल्या, एसी बंद केला आणि चाळीसच्या वेगाने डावी लेन धरली.